मुलांचे अपूर्णांक आणि घरचीं माणसें



मुलाच्या शिक्षणांत एक टप्पा असा येतो कीं, तेथवर हंसतखेळत आलेलें मूल एकाएकीं अडखळतें. हा टप्पा बहुधा चौथी-पांचवीच्या सुमारास येतो आणि त्याचें नांव अपूर्णांक. बेरीज आली, वजाबाकी आली, पाढे पाठ झाले, गणित आपल्याला येतें असा त्या जीवाला भरंवसा वाटूं लागला; आणि इतक्यांत मध्यें रेघ मारलेले, एकावर एक असे दोन आंकडे त्याच्यापुढें येऊन उभे राहतात. त्यांच्या पाठोपाठ आणखी एक पाहुणा येतो. "जवळच्या दहाच्या पटींत लिहा," "अंदाजें उत्तर काढा," अशी त्याची भाषा असते. पहिल्या पाहुण्यामुळें मूल गोंधळतें. दुसऱ्यामुळें तें चकित होतें. आजवर जे गुरुजी अचूक उत्तराला शाबासकी देत होते, तेच आतां "अंदाजें सांग" म्हणूं लागतात!

अशा वेळीं मूल घरच्या माणसांकडे धांव घेतें. म्हणून आजचें हें भाषण मुलांसाठीं नसून त्यांच्या आईवडिलांसाठीं आणि आजीआजोबांसाठीं आहे. मी स्वतः मॅट्रिकपुढें शिकलों नाहीं. गणितशास्त्राचा अधिकारी म्हणून नव्हे, तर पेण तालुक्यांतल्या वडखळसारख्या गांवीं मुलांच्या पाट्या आणि वह्या तपासण्यांत आयुष्य काढलेला एक शिक्षक म्हणून मी बोलणार आहें. मला जें सांगावयाचें आहे तें दोन प्रश्नांत सांगतां येईल. अपूर्णांक पुढें आला कीं मुलाला विचारावें, "कशाचा?" आणि अंदाजाचें उदाहरण पुढें आलें कीं विचारावें, "कशासाठीं?" हे दोन प्रश्न ज्या घरांत विचारले जातात, त्या घरांतलें मूल गणितांत सहसा बुडत नाहीं.

पहिल्या प्रश्नाकडे वळूं. एक चतुर्थांश मोठा कीं एक अष्टमांश मोठा, असें विचारलें तर पुष्कळ मुलें अष्टमांश मोठा म्हणून सांगतात. याबद्दल मुलाला निर्बुद्ध ठरवूं नये. चारांपेक्षां आठ मोठे, हें आपणच त्याला चार वर्षें शिकविलें आहे. त्याचें उत्तर चुकीचें असलें तरी त्यामागें विचार आहे, आणि जेथें विचार आहे तेथें सुधारणेला जागा आहे. त्याला नियम सांगूं नका. तांदळाची भाकरी द्या. एका भाकरीचे चार सारखे तुकडे त्याच्याच हातून करवा, तेवढ्याच दुसऱ्या भाकरीचे आठ करवा, आणि भूक लागली असतां कोणता तुकडा घेशील, तें विचारा. खाणारे वाढले कीं वांटा लहान होतो, हें ज्ञान कोणत्याही भावंडांच्या घरांत फार लवकर होतें. तें रेघेखालच्या आंकड्याशीं जोडून द्यावें, इतकेंच आपलें काम. वाटणीसाठीं जुनी युक्ति उत्तम: एकानें तुकडे करावे आणि दुसऱ्यानें आधीं उचलावें. 'समान भाग' या शब्दांचा अर्थ मग समजावून सांगावा लागत नाहीं.

भाकऱ्या तेवढ्याच घ्या, असें मीं म्हटलें त्याला कारण आहे. अर्धा हा शब्द एकटा असतां पोकळ असतो. वडखळच्या नाक्यावर मुंबई-गोवा महामार्ग सोडून अलिबागची वाट फुटते. तेथें एस.टी.च्या गाडींत बसलेल्या दहा वर्षांच्या मुलाला अर्धें तिकीट लागतें. पेणला जातांनाहि अर्धें आणि अलिबागला जातांनाहि अर्धेंच. पण दोन्ही वेळीं वाहकाला द्यावयाचे पैसे सारखे असतात काय? नसतात, कारण पुरें तिकीट निराळें आहे. मार्च २०२३ पासून एस.टी.नें स्त्रियांनाहि निम्म्या दराची सवलत दिली आहे, तेव्हां आतां आई आणि मूल दोघेंहि अर्ध्या तिकिटावर बसतात. अशा प्रवासांत मुलाला विचारावें, "आपलें दोघांचें मिळून किती झालें?" दोन अर्धीं मिळून एक, ही समीकरणाची गोष्ट तें खिडकीशीं बसल्या बसल्या सांगेल.

यानंतरची अडचण बेरजेची. अर्धा आणि एक तृतीयांश यांची बेरीज मूल दोन पंचमांश अशी करतें. वरच्यांत वरचा मिळविला, खालच्यांत खालचा मिळविला! येथें घरचीं माणसें लगेच "छेद सारखे कर" असा मंत्र देतात. मूल मंत्र पाठ करतें, परंतु आपलें पहिलें उत्तर कां चुकलें तें त्याला कधींच कळत नाहीं. त्याऐवजीं असें विचारावें: "दोन पंचमांश हे अर्ध्याहून अधिक कीं कमी?" पांचांचा अर्धा अडीच, दोन हे अडीचाहून कमी, म्हणजे दोन पंचमांश अर्ध्याहून कमी. मग अर्ध्यांत भर टाकली असतां अर्ध्याहून कमी कसें उरेल? मूल स्वतःच हंसतें. आपली चूक आपल्यालाच दिसून हंसूं येणें, ही शिकण्याची पहिली पायरी आहे.

आतां बेकरींतली सहा पावांची लादी आणा. लादीचा अर्धा भाग म्हणजे तीन पाव. लादीचा तिसरा हिस्सा म्हणजे दोन पाव. दोन्ही मिळून पांच पाव, म्हणजे लादीचे पांच षष्ठांश. समच्छेद करणें म्हणजे दोन्ही वांट्यांसाठीं चालेल असा एकच लहान तुकडा शोधणें, आणि तो तुकडा येथें बेकरीवाल्यानें आधींच पाडून ठेविला आहे. लादीऐवजीं कागदाची पट्टी घेतली तरी चालेल. ती एकदां दुमडली कीं अर्धा, पुन्हां दुमडली कीं चतुर्थांश; आणि उलगडून पाहिलें कीं एक अर्ध्यांत दोन चतुर्थांश मावतात, हें सममूल्य अपूर्णांकांचें सूत्र डोळ्यांनींच वाचतां येतें.

पावाचा विषय निघाला म्हणून आठवण देतों. खावयाचा पाव पोर्तुगीजांकडून आपल्याकडे आला. चवथ्या हिश्श्याचा पाव आपला जुना आहे. लहान मूल या दोहोंची गल्लत करतें, म्हणून प्रथम 'चौथा हिस्सा' म्हणावें. पुढें मात्र आपल्या भाषेंतलें हें धन मुलाच्या हातीं अवश्य द्यावें. पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड, अडीच: एकेका शब्दांत एकेक अपूर्णांक बसलेला आहे. जुन्या मराठी शाळेंत पूर्णांकांच्या पाढ्यांनंतर पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि औटकी पाठ करावी लागे. औट म्हणजे साडेतीन. औटकी आज कोणी म्हणत नाहीं, पण औटघटकेचें राज्य हा शब्दप्रयोग अजून वर्तमानपत्रांतून भेटतो.

हे पाढे त्या काळच्या व्यवहाराला धरून होते. रुपयाचे सोळा आणे, आण्याचे चार पैसे आणि पैशाच्या तीन पै, असा तो हिशेब होता. सोळांचें निम्मे आठ, आठांचें चार, चारांचें दोन, दोनांचा एक. चार वेळां निम्मे केलें तरी तुटभाग पडत नाहीं. शेराचे सोळा छटाक होते तेहि याच सोईसाठीं. पुढें १ एप्रिल १९५७ पासून रुपयाचे शंभर नवे पैसे झाले, वजनें आणि मापें दशमान झालीं, आणि पावकी-दिडकीची निकड सरली. तें योग्यच झालें. दहांच्या हिशेबानें जगाशीं व्यवहार सुलभ झाला. परंतु शब्द मेले नाहींत. भाजीवाल्याकडे अडीचशें ग्रॅमला आजहि पावशेर म्हणतात. खरी गोष्ट आजहि सोळा आणे खरी असते. आणि घड्याळ तर रोज सव्वाचार, साडेचार, पावणेपांच असे अपूर्णांक वाजवीत असतें. पावणेपांच या शब्दाकडे मुलाचें लक्ष वेधावें. चार वाजून गेले आहेत, पण बोलणाऱ्याची दृष्टि पांचावर आहे, कारण पांच जवळ आले आहेत. जवळची संख्या पाहून बोलणें, हीच अंदाजाची सुरुवात. आपल्या भाषेनें ती केव्हांच करून ठेविली आहे.

येथून दुसऱ्या प्रश्नाकडे येऊं. जवळच्या दहाच्या पटींत लिहावयाचें तर एकंस्थानीं पांच किंवा अधिक असल्यास पुढें जावें, कमी असल्यास मागें यावें, हा नियम पुस्तकांत असतो आणि मुलांना तो चटकन् येतो. नियम येतो म्हणूनच धोका असतो. सव्वीस मुलांची सहल अलिबागला न्यावयाची आहे आणि एका गाडींत सहाच मुलें बसवावयाचीं आहेत. गाड्या किती लागतील? सव्वीसांना सहांनीं भागलें कीं चार पूर्णांक एक तृतीयांश येतात. मूल नियमाप्रमाणें चार लिहितें. उत्तर सुबक दिसतें, पण दोन मुलें वडखळच्या नाक्यावर उभीं राहिलीं त्यांचें काय? येथें पांच गाड्याच पाहिजेत.

उलट उदाहरण पेणचें घ्या. तेथें गणपतीच्या मूर्तींचे कारखाने आहेत. एका मूर्तीला तीन किलो शाडू लागत असेल तर पन्नास किलोंत किती मूर्ति होतील? सोळा पूर्णांक दोन तृतीयांश. नियम सतरा म्हणेल. परंतु सतरावी मूर्ति दोन किलोंत पुरी होणार नाहीं, आणि अपुरी मूर्ति कोणी पाटावर बसवीत नाहीं. उत्तर सोळाच. पहिल्या उदाहरणांत अपूर्णांक लहान असून पुढें जावें लागलें. दुसऱ्यांत तो मोठा असून मागें यावें लागलें. तिसऱ्या ठिकाणीं, एखादें गांव तेवीस किलोमीटरांवर असतां आपण पाहुण्याला "वीसेक किलोमीटर आहे" म्हणतों, तेथें पुस्तकांतला नियम बरोबर लागू पडतो. तीन उदाहरणें, तीन रीति. आणि कोणती केव्हां, हें आंकडा सांगत नाहीं. तें "कशासाठीं?" हा प्रश्न सांगतो.

हा विचार आपल्याकडे नवीन नाहीं. भास्कराचार्यांनीं ११५० सालच्या 'लीलावती' ग्रंथांत वर्तुळाच्या परिघाचें व्यासाशीं प्रमाण दोन प्रकारें दिलें आहे. एक ३९२७ भागिले १२५०, हें सूक्ष्म. दुसरें २२ भागिले ७, हें स्थूल, पण व्यवहाराला योग्य. स्थूल म्हणजे चुकीचें, असें त्यांनीं म्हटलें नाहीं. कामाप्रमाणें सूक्ष्म घ्यावें कीं स्थूल घ्यावें, हा विवेक त्यांनीं वाचकावर सोंपविला. आपल्या मुलांना हाच विवेक शिकवावयाचा आहे.

स्थूल उत्तर घेण्यांत एक पथ्य मात्र पाळावें लागतें, आणि तें शिकविण्यास १९५७ सालच्या नाणेबदलासारखा धडा नाहीं. रुपयाचे शंभर पैसे झाले तेव्हां चार आण्यांचे बरोबर पंचवीस नवे पैसे आले. पण शंभरांचें तिसऱ्यांदा निम्मे केलें कीं साडेबारा येतात, म्हणून दोन आण्यांशीं तुटभाग आला. एका आण्याचे सव्वासहा आणि तीन आण्यांचे पावणेएकोणीस! अर्धा नवा पैसा तर कोणी पाडला नव्हता. तेव्हां कायद्यानें जवळचा पूर्ण पैसा धरावयास सांगितलें, आणि नेमका अर्धा उरला तर खालचा धरावयास सांगितलें. म्हणून एक आण्याचे सहा, दोन आण्यांचे बारा आणि तीन आण्यांचे एकोणीस नवे पैसे ठरले. आपल्या पुस्तकांत अर्धा वर जातो, त्या कायद्यांत तो खालीं गेला. अर्ध्यानें कोठें जावें हा निसर्गाचा नियम नसून माणसांनीं ठरविलेला संकेत आहे, हें मुलाला सांगावयास हरकत नाहीं.

आतां गंमत पाहा. एक आण्याच्या चार वस्तु एकदम घेतल्या तर पंचवीस नवे पैसे पडत. त्याच चार वेळां निरनिराळ्या घेतल्या तर सहा-सहाप्रमाणें चोवीसच पडत. दोन आण्यांच्या आठ वस्तूंचा पुरा रुपया व्हावयाचा. सुट्या घेतल्या तर शहाण्णव पैशांत काम भागे. प्रत्येक पायरीवर थोडें थोडें सोडलें कीं शेवटीं पुष्कळ सुटतें. कॅनडांतील व्हँकुव्हरच्या शेअरबाजाराला हाच अनुभव फार मोठ्या प्रमाणावर आला. तेथील निर्देशांक १९८२ च्या जानेवारींत १००० पासून सुरू झाला. दर वेळीं हिशेब करतांना यंत्र तीन दशांश स्थळांपुढचा भाग नुसता तोडून टाकीत असे. १९८३ च्या नोव्हेंबरांत निर्देशांक ५२४ च्या आसपास दिसत होता. हिशेब नीट केल्यावर तो १०९८ च्या वर निघाला. बाजार बुडाला नव्हता, बुडाले होते ते अपूर्णांक. म्हणून मुलाला सांगावें: सबंध हिशेब आधीं पुरा कर, आणि अंदाज करावयाचा तो शेवटीं, एकदांच कर. ४४.६ ही संख्या आधीं ४५ करून मग ५० करणारीं मुलें वर्गांत दर वर्षीं भेटतात. तिची जवळची दहाची पट ४० आहे.

कांहीं ठिकाणीं तर अंदाजाला मज्जावच असावा. शेतकऱ्यांच्या घरांत आणेवारी हा शब्द माहीत असतो. पुरें पीक म्हणजे सोळा आणे, असें धरून गांवचें पीक किती आणे आलें तें सरकार ठरवी. पुढें आण्यांचे पैसे झाले आणि आणेवारीची पैसेवारी झाली. महाराष्ट्रांत गांवाची पैसेवारी पन्नासांहून कमी कीं अधिक, यावर टंचाईच्या सवलती ठरत आल्या. समजा, एखाद्या गांवाची पैसेवारी ४९.६ आली आणि कोणी ती सुबक दिसावी म्हणून पन्नास लिहिली. गणिताच्या वहींत याला पूर्ण गुण मिळतील. त्या गांवांत कोणाचा शेतसारा माफ व्हावयाचा तो राहून जाईल. तान्ह्या मुलाला अर्धा चमचा औषध सांगितलें असतां कोणी तें एक चमचा धरीत नाहीं. जेथें एखादी सीमारेषा आहे, जेथें कोणाचा हक्क किंवा प्रकृति तराजूंत आहे, तेथें स्थूलावर भागवूं नये.

आतां हें सारें घरीं कसें साधावें, तें थोडक्यांत सांगतों. रोज तासभर घेऊन बसूं नका. दहा मिनिटें पुरे. उदाहरण सोडविण्यापूर्वीं "उत्तर साधारण किती येईल? एकापेक्षां मोठें कीं लहान?" एवढें विचारा. पेन्सिल मुलाच्याच हातीं राहूं द्या. मूल चुकलें तर बरोबर उत्तर लगेच सांगूं नका, "हें कसें काढलेंस?" असें विचारून तें सगळें बोलेपर्यंत थांबा. बहुतेक वेळां बोलतां बोलतां तें स्वतःच थबकतें. बाजारांत नेतांना मुलाला जसें नेतां तसें मुलीलाहि न्या, आणि सुटे पैसे तिला मोजूं द्या. गणित मुलींचें नव्हे, हा समज पुस्तकांतून येत नाहीं. तो घरांतल्या अशा लहानसहान वागणुकींतून येतो. आणि "मला देखील गणित कधींच आलें नाहीं" हें वाक्य मुलासमोर उच्चारूं नका. त्यानें मुलाला धीर येत नाहीं, सुटण्याची वाट मात्र सांपडते.

या गोष्टीला मी इतकें महत्त्व कां देतों? २०२४ सालच्या 'असर' पाहणींत ग्रामीण भारतांतील पांचवीच्या दर दहा मुलांपैकीं सुमारें तिघांनाच तीन आंकडी संख्येला एक आंकडी संख्येनें भागतां आलें. आपल्या सवयीप्रमाणें येथेंहि विचारूं या. दहा कशाचे? आपल्याच गांवच्या आणि आपल्याच शाळांच्या मुलांसारख्या मुलांचे. 'सुमारें' कशासाठीं पुरतें? स्थिति ओळखण्यास पुरतें. उरलेल्या सातांपैकीं एकालाहि विसरण्यास पुरत नाहीं. भागाकार हा अपूर्णांकाचा पाया आहे. तो कच्चा राहिला कीं पुढें शेंकडेवारी, व्याज आणि प्रमाण यांचा सारा इमला डुगडुगतो. आणि असें मूल मोठें झाल्यावर कर्जाचा कागद, वेतनाची पावती किंवा जमिनीचा सातबारा दुसऱ्यानें वाचून दाखवील तसा खरा मानतें. आपला वांटा किती, तें ज्याला मोजतां येत नाहीं, त्याला मिळेल तो वांटा पुरा मानावा लागतो.

म्हणून घरच्या वडील माणसांना माझी विनंति एवढीच कीं, मुलाची वही हातीं घ्याल तेव्हां उत्तर बरोबर कीं चूक हें नंतर पाहा, आधीं त्याला "कशाचा?" आणि "कशासाठीं?" हे दोन प्रश्न विचारा. कांहीं दिवसांनीं तेंच मूल ते प्रश्न तुम्हांला विचारूं लागेल. तसें झालें कीं त्याचें गणित मार्गीं लागलें असें खुशाल समजा.